मदत हवी आहे: महिना १५०० रुपयांत चांगलं डॉगफूड कुठलं?

भांडुप_नाइटशिफ्ट
अर्जंट आहे. चांगलं डॉगफूड कुठलं घेऊ? महिन्याला १५०० च्या वर खरंच जमणार नाही. आत्ता जे देतोय त्याने आठवडाभर पातळ शी होतेय, एक दुकानदार म्हणतो इम्पोर्टेड घ्या, दुसरा म्हणतो ते उष्ण पडतं. फक्त नाव सांगा प्लीज, रात्रपाळी करून आलोय आणि परत तेच साफ करत बसलोय.

मृण्मयी_ठाणे
वय किती, वजन किती, जात कुठली, आणि "आत्ता जे देतोय" म्हणजे नक्की काय? याशिवाय नाव कसं सांगू?

लालबागचा_बाळ्या
पिशवीतलं खाणं हवंच कशाला. आमच्या चाळीतला मोती १४ वर्षं जगला, भात आणि कोंबडीच्या माना-पाय, चिमूटभर हळद, कुकरला ३ शिट्ट्या. चिकनवाल्याकडे स्वस्तात मिळतं.

मृण्मयी_ठाणे
दादा, शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. आणि पिल्लू असेल तर नुसत्या भात-चिकनमधून कॅल्शियम पुरत नाही, पाय वाकतात.

लालबागचा_बाळ्या
हाडं काढूनच द्यायचो, लिहायचं राहिलं. पाय काही वाकले नव्हते.

भांडुप_नाइटशिफ्ट
साडेचार महिन्यांची देशी, ८ किलो. पावसात रिक्षाखाली सापडली. चिकन शिजवता येत नाही, घरमालक शाकाहारी आहेत, घर देतानाच अट घातलीय, अंडंही नाही. दुकानातून सुट्टं पपी फूड आणतो किलोवर आणि दुधात भिजवून देतो.

दादर_पूर्व
मग पनीर, दहीभात, सोयाबीन द्या ना, माझी पामेरियन ९ वर्षांची आहे, ठणठणीत.

पशुप्रेमी_कुर्ला
तुमची मोठी आहे हो, हे वाढतं पिल्लू आहे, घरच्या शाकाहारी जेवणात सगळं मोजूनमापून बसवणं सोपं नाही. एएएफसीओ या अमेरिकन पशुखाद्य संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे पिल्लाला कोरड्या वजनावर (खाण्यातलं पाणी वगळून) किमान २२.५ टक्के प्रोटीन लागतं, मोठ्या कुत्र्याला १८.

भांडुपवाले, दूध आजच बंद करा, बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही. भिजवायचं तर कोमट पाण्यात. आणि सुट्टं अजिबात नको. पोतं उघडं राहिलं की त्यातलं तेल खवट होतं, मुंबईच्या पावसाळी हवेत बुरशी धरते, वर तारीख कुठली तेही कळत नाही. महागडं असण्यापेक्षा सीलबंद असणं महत्त्वाचं.

हिशोब असा करा: या वजनाला दिवसाला साधारण २०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६ किलो. १५०० भागिले ६, म्हणजे २५० रुपये किलोपर्यंत चालेल. पेडिग्री, ड्रूल्स यांच्या पपी पिशव्यांचे भाव बघा, मोठी पिशवी किलोला स्वस्त पडते. पिशवीवर "पपी" आणि "कम्प्लीट" (म्हणजे पूर्ण आहार) लिहिलेलं हवं. नक्की ग्रॅम मागच्या तक्त्यावरून घ्या.

अंधेरी_वेस्ट
सोसायटीने त्रास दिला तर घाबरू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही वापरता येते.

भांडुप_नाइटशिफ्ट
सोसायटीचा प्रश्नच नाहीये.

मृण्मयी_ठाणे
जंताचं औषध कधी दिलं होतं? लस?

भांडुप_नाइटशिफ्ट
लस एक झालीय. जंताचं नाही दिलं. त्याचा काय संबंध?

मृण्मयी_ठाणे
अहो तोच तर संबंध असेल! रस्त्यावरच्या पिल्लांना बहुतेकदा जंत असतात, मग कुठलंही फूड आणलंत तरी शी पातळच राहील. आठवडा झालाय, लस अर्धवट आहे, आता घरी प्रयोग नकोत. शी डबीत घ्या आणि परळला बैलघोडा हॉस्पिटलला (प्राण्यांचं हॉस्पिटल) जा. उलटी किंवा रक्त दिसलं तर आत्ताच्या आत्ता.

लालबागचा_बाळ्या
हे बरोबर. सकाळी लवकर जा, रांग असते.

भांडुप_नाइटशिफ्ट
जाऊन आलो. जंत निघाले, औषध दिलंय, १५ दिवसांनी परत बोलावलंय. दूध बंद, सीलबंद ३ किलोची पपी पिशवी आणली. शी कालपासून बांधून होतेय. सुट्टं अजून दीड किलो पडलंय, ते मिसळून संपवू का? पैसे गेलेत त्याचे.

पशुप्रेमी_कुर्ला
वास घेऊन बघा. जुन्या तेलासारखा येत असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही घालू नका, टाकून द्या.

भांडुप_नाइटशिफ्ट
येतोय वास. टाकतो. २०० ग्रॅम दोनदा वाटून देऊ की तीनदा?

मृण्मयी_ठाणे
सहा महिन्यांची होईपर्यंत तीनदा. शेवटचं ड्युटीला निघायच्या आधी तासभर द्या, म्हणजे तिला फिरवून निघता येईल.