मे महिन्यात स्वेटर

ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणं सोडायचा मानसिक आजार. "ही पुण्यामुंबईच्या पोरींची थेरं" असं त्याबद्दल कुणी कुणी म्हणतं. आमच्या अमळनेरला, भावकीतल्याच बारावीच्या मुलीला तो झाला होता. भरिताच्या पार्टीत तिनं कळण्याची भाकरी अशी कुस्करून ठेवली की बघणाऱ्याला वाटावं, जेवली. मे महिन्यात, खानदेशातल्या उन्हात स्वेटर घालायची! अंगावर चरबीच उरली नाही की थंडी वाजते. हातांवर बारीक लव आली, पाळी थांबली. आजी म्हणे, "नजर लागनी पोरले."

यात भूक मेलेली नसते, निदान सुरुवातीला तरी नाही. वजन वाढायची भीती भुकेवर मात करते. इंग्रज डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला हे नाव दिलं १८७३ च्या सुमारास; तेव्हा कुठं होतं इन्स्टाग्राम? आणि हो, मुलग्यांनाही होतो.

एक मात्र सांगतो. फार दिवस उपाशी राहिलेल्याला लाडानं एकदम तूप-शिरा भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, हृदयावर येतं. आम्ही तेच करणार होतो, डॉक्टरांनी अडवलं. आधी रक्त तपासलं, मग खाणं हळूहळू वाढवलं. मानसोपचार सोबत होतेच. आईनं रोज शेजारी बसून जेवू घातलं, वर्षभर.