'बेतलेली' की 'आधारित'?

भाची 'गेम ऑफ थ्रोन्स'वर मराठीत लिहीत होती. पहिलंच वाक्य : 'ही मालिका जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरी-मालिकेवर आधारित आहे.' एकाच वाक्यात दोनदा मालिका! मी पुस्तकांसाठी 'माला' सुचवला. आम्हा बडोदेकरांना तो 'सयाजी साहित्यमाले'मुळे घरचाच. पुस्तकांना 'खंड', टीव्हीच्या सीझनला 'पर्व' म्हटलं की 'भाग' एपिसोडसाठी मोकळा राहतो. तेवढं जमलं. मग आई म्हणाली, "आधारित काय? आम्ही बेतलेली म्हणायचो." या दोन शब्दांत खरंच फरक आहे का?

प्रतिसाद
आहे. 'आधारित'मधून मूळ कुठलं एवढंच कळतं, त्याचं पुढे काय केलं ते कळत नाही. बेतणं हे शिंप्याचं काम. अंगाची मापं घ्यायची, कापड पसरायचं, खडूनं आखायचं आणि मग कातर लावायची. कापड तेच, पण अंग दुसरं. या मालिकेत नेमकं हेच झालंय. 1996चा पहिला खंड 2011च्या पहिल्या पर्वात दहा भागांत बसवला. तिसरा खंड एका पर्वात मावेना, म्हणून तिसऱ्या-चौथ्या पर्वांत विभागला. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं, त्याच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं. पडद्यावर ते संवादात आणि चेहऱ्यावर आणावं लागतं. याला मी बेतणंच म्हणेन. आईंचा शब्द सोडू नका.

प्रतिसाद
गुजरातीत शिंपी कापड 'वेतरतो'. बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या आजीच्या तोंडी दोन्ही शब्द असत, शिंपी कोण आहे त्यावर ठरायचं.

प्रतिसाद
'रूपांतर' का नको? त्यातलं 'अंतर' म्हणजे लांबी नव्हे, 'दुसरं'. देशांतर म्हणजे दुसरा देश, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप.

मूळ प्रश्नकर्ता
रूपांतर नाम म्हणून उत्तम, पण 'रूपांतरित मालिका' वाचताना जड होतं. बेतलेली मला पटलंय. भाचीनं मात्र पेच टाकलाय. पाचवा खंड 2011चा, सहावा मालिका संपेपर्यंत आलाच नाही. सहाव्या पर्वापासून बहुतेक कथा पुस्तकांच्या पुढची आहे. कापडच संपलं, मग बेतलं काय?

प्रतिसाद
तुमची भाची बरोबर बोलतेय. तिथून पुढे 'बेतलेली' म्हणू नये. पण लेखकानं शेवटाचा आराखडा निर्मात्यांना सांगितला होता, म्हणजे नातं तुटलेलंही नाही. अशा वेळी 'वरून' हे साधं शब्दयोगी अव्यय कामाला येतं. मी असं लिहीन : 'सुरुवातीची पर्वं कादंबरीमालेवर बेतलेली आहेत; सहाव्यापासूनची, 2019च्या शेवटापर्यंत, मुख्यतः लेखकानं सांगितलेल्या आराखड्यावरून रचलेली.'

मूळ प्रश्नकर्ता
भाचीनं हेच वाक्य घेतलं. फक्त 'मुख्यतः' काढून 'बरीचशी' घातलं.