हात आखडतो तो मांसाला

'भूमध्यसागरी आहार म्हणजे सगळंच बेताबेतानं' असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटलं. ग्रीसच्या क्रीट बेटावर ऑलिव्ह तेलाला कुणी हात आखडत नाही. 'लादेरा' म्हणजे तेलात मुरवत शिजवलेल्या भाज्या, आणि ताटलीत उरलेलं तेल पावानं पुसून खायचं! बेतानं खायचं ते मांस. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस उपासाचे; तेव्हा मांस, दूध, अंडी बंद. (गोगलगाई मात्र चालतात. पळवाटा आपल्याकडेही आहेतच, साबुदाणावडा आठवा.) अमेरिकी संशोधक अन्सेल कीज यांचा, आहार आणि हृदयविकाराचा संबंध तपासणारा सात देशांचा अभ्यास १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातले क्रीटचे शेतकरी महायुद्धाची झळ सोसलेले, दिवसभर राबणारे. त्यांचा संयम थोडा उपासांचा, बराचसा रिकाम्या खिशाचा.