सहकाऱ्याच्या तासाला बसायचं, पण त्याला ती तपासणी वाटू नये. तुमच्याकडे कसं करतात?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. जूनपासून आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम माझ्याकडे आलं. विभागात आम्ही सहा जण, त्यातले तिघे तासिका तत्त्वावर (सीएचबी).

त्यातल्या सर्वांत तरुण सरांच्या तासाला मागच्या आठवड्यात जाऊन बसलो. एफवायचा वर्ग, साठेक मुलं. सरांचा विषय पक्का आहे, सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा पहिल्याच प्रयत्नात झालेली. चाळीस मिनिटांत त्यांनी एन्थाल्पीचं (उष्णतेच्या हिशेबातली राशी) सगळं डेरिव्हेशन फळ्यावर मांडलं, कुठेही न अडखळता. मधे तीनदा विचारलं, "समजलं का?" तिन्ही वेळा पहिल्या बाकावरच्या मुलींनी "हो सर" म्हटलं आणि गाडी पुढे गेली. माझ्या शेजारचा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहीत होता. तेवढ्यात फळा पुसला गेला, त्याच्या वहीत दोन ओळी कोऱ्या राहिल्या. मी हळूच विचारलं, "हे कळलं का रे?" म्हणाला, "नाही सर, पाठ करतो नंतर."

माझं चुकलं ते यानंतर. आमच्याकडे निरीक्षणाचा छापील फॉर्म आहे: आवाज, फळ्याचा वापर, विद्यार्थ्यांचा सहभाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मी तो प्रामाणिकपणे भरून त्यांच्या हातात दिला. सहभागाला दोन. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये आले आणि एवढंच विचारलं, "सर, हे फाईलला लागणार का? जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे." मला उत्तर देता आलं नाही.

मी स्वतः प्राध्यापकांसाठीचं ओरिएंटेशन केलं, दोन रिफ्रेशर कोर्स केले. विषयातलं बरंच नवं कळलं, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण बावीस वर्षांत माझ्या वर्गात येऊन कुणी बसलं नाही. त्यामुळे हे कसं करायचं ते मी कधी पाहिलेलंच नाही. या तरुण सरांना मला मनापासून मदत करायची आहे. अनुभव असेल त्यांनी सांगा.

निवृत्त_भौतिकी

सर, आधी तो फॉर्म बाजूला ठेवा. गुण दिले की माणूस गुणांकडेच बघतो.

मी चौतीस वर्षं शिकवलं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एक सहकारी मॅडम माझ्या तासाला बसल्या. आत येण्याआधी त्यांनी विचारलं, "मी काय बघू?" मी म्हटलं, माझी मुलं प्रश्नांना उत्तरंच देत नाहीत, का ते बघा. तास संपल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर फक्त आकडे होते. प्रत्येक प्रश्नानंतर मी किती सेकंद थांबले, ते. एक, एक, दोन, एक. मुलं गप्प नव्हती, मीच त्यांना बोलू देत नव्हते! त्या रात्री मला झोप लागली नाही. पण राग आला नाही, कारण कागदावर मत एकही नव्हतं आणि कागद माझ्याजवळच राहिला.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काही नाही, पण फळ्यापाशी उभं राहून ते फार मोठे वाटतात. सवय व्हायला मला एक सत्र लागलं.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी त्यांना तुमच्या तासाला बोलवा. काय बघायचं ते तुम्ही सांगा आणि कागद त्यांच्याकडून घ्या. मग ते बोलावतील तेव्हाच त्यांच्याकडे जा. आणि "समजलं का?" हा प्रश्नच सोडायला सांगा. त्याचं उत्तर "हो" सोडून दुसरं येत नाही.

सीएचबी_सातवं_वर्ष

मी त्या सरांच्या जागी आहे म्हणून लिहितो. आम्हाला पैसे तासाचे मिळतात. तास संपला की मी एसटी पकडून दुसऱ्या कॉलेजला जातो. नंतर बसून बोलू म्हणणारे वरिष्ठ चांगलेच असतात, पण तो वेळ आमच्या खिशातून जातो. दुसरं म्हणजे, जो निवड समितीला माहिती देणार त्यानं तासाला बसू नये. माणूस कितीही सज्जन असला तरी भीती जात नाही.

मला खरा उपयोग झाला तो एका सरांच्या जुन्या वहीचा. प्रत्येक धड्यात मुलं कुठे अडकतात, ते त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं. पीपीटी कुठेही मिळते. ते समास मिळत नाहीत.

पुण्याची_इंजिनिअर

सत्र संपल्यावरच्या फीडबॅक फॉर्मचा त्या बॅचला काहीच फायदा नसतो, त्यामुळे आम्ही पाचव्या-सहाव्या आठवड्यात विचारतो. दुसरे शिक्षक येतात, शिकवणारे बाहेर जातात, मुलं चार-चारच्या गटात बोलतात: काय जमतंय, काय अडतंय, काय बदलावं. वीस मिनिटं पुरतात. कोण काय म्हणालं ते सांगायचं नाही, फक्त मुद्दे सांगायचे.

आणि रसायनशास्त्राला एक प्रश्न सुचवते. उकळत्या पाण्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? हवा, हायड्रोजन-ऑक्सिजन, वाफ की काहीच नाही? आधी सगळ्यांनी बोटांनी उत्तर दाखवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा बोटं. हार्वर्डचे एरिक माझुर १९९० च्या दशकापासून भौतिकशास्त्र या पद्धतीनं शिकवत आलेत. ना प्रोजेक्टर लागतो, ना पैसे. मराठीत बोलू द्या, हे मात्र नक्की.

शेवटचा_बाक

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

मॅडम, मंगळवारी त्या तरुण सरांना माझ्या तासाला बोलावलं आणि सेकंद मोजायला सांगितलं. चिठ्ठी आली: "अकरा प्रश्न. सर्वांत जास्त थांबलात दोन सेकंद. उत्तरं चौघांचीच, चौघेही पहिल्या दोन बाकांवरचे." चिठ्ठी देताना त्यांचा हात थरथरत होता. मी ती पाकिटात ठेवली आहे.

शुक्रवारी त्यांनीच विचारलं, "आज येता का सर?" त्यांनी बुडबुड्यांचा प्रश्न घेतला. निम्म्याहून जास्त बोटं 'हवा'वर. मग जो गलका झाला तसा त्या वर्गात मी कधी ऐकला नव्हता. पेन्सिलीनं उच्चार लिहिणारा तो मुलगा शेजाऱ्याला सांगत होता, "अरे, हवा असती तर दहा मिनिटांत संपली नसती का? तरी बुडबुडे येतच राहतात ना!" पुन्हा बोटं वर झाली तेव्हा 'वाफ' खूप वाढली होती. एन्थाल्पी त्यांनी तिथूनच सुरू केली. डेरिव्हेशन निम्मंच झालं, उरलेलं पुढच्या तासाला घेतलं.

सातव्या वर्षाच्या सरांचं म्हणणं पटलं. निवडीबद्दल मला विचारू नका, असं प्राचार्यांना सांगून आलो. निरीक्षणाचे कागद फाईलला लावायचे नाहीत, हे त्यांनी या सत्रापुरतं मान्य केलंय. वेळेचा प्रश्न तेवढा राहिलाय. तासानंतर आम्ही बसतो त्या अर्ध्या तासाचं मानधन खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली काढता येईल? कुणाच्या कॉलेजात केलं असेल तर कृपया सांगा. सोमवारी पुन्हा कार्यालयात जायचंय.