सेलरी + रेडिस : तेच काम दोनदा का चालते?

सेलरी ही पायथनमधली कामे मागच्या बाजूला चालवणारी प्रणाली; रेडिस तिच्या कामांची रांग सांभाळतो (म्हणजे ब्रोकर असतो) आणि वर्कर त्या रांगेतून कामे उचलून चालवतात. दोन तासांनंतर एकदाच चालवायचे काम यात दोन-तीनदा चालते, अशी तक्रार असते आणि त्यावर वर्कर वाढवण्याचा सल्ला दिला जातो. त्याने हे थांबणार नाही. रेडिस ब्रोकर असताना सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात 3600 सेकंदांचा असतो. वर्करने उचललेल्या कामाच्या संदेशाची पोच (अ‍ॅक) तेवढ्या वेळात आली नाही, तर तो पुन्हा रांगेत येतो आणि दुसरा वर्कर तो घेतो. काउंटडाउन (काम किती सेकंदांनी चालवायचे तो आकडा) 7200 दिला की वर्कर पोच न देता काम धरून बसतो, म्हणजे पुनरावृत्ती ठरलेलीच.

सेलरीच्या 'ब्रोकर ट्रान्सपोर्ट ऑप्शन्स' या सेटिंगमध्ये ही मर्यादा तुमच्या सर्वांत लांब काउंटडाउनपेक्षा मोठी ठेवा, आणि सगळ्या वर्करना तीच द्या. मात्र फार वाढवलीत तर मध्येच मेलेल्या वर्करची कामेही तितकीच उशिरा परत येतात. म्हणून दूरच्या वेळेची कामे डेटाबेसात नोंदवून बीटकरवी (सेलरीचा वेळापत्रक सांभाळणारा भाग) दर मिनिटाला उचलणे मला जास्त भरवशाचे वाटते. बीट एकच चालवा. दोन चालल्या की प्रत्येक काम दोनदा रांगेत पडते.

लेट अ‍ॅक (काम संपल्यावरच पोच देणे) चालू असेल तर तासाभराहून लांब कामांनाही हाच फटका बसतो. तिथे प्रीफेच मल्टिप्लायर (वर्करने प्रत्येक प्रोसेसमागे किती कामे आगाऊ उचलायची तो आकडा) मूळच्या 4 वरून 1 करा, नाहीतर एक वर्कर कामे अडवून बसतो आणि बाकीचे रिकामे राहतात.

तरीही काम दोनदा चालले तर बिघडू नये असेच ते लिहा. उदाहरणार्थ, ई-मेल पाठवण्याआधी डेटाबेसातली 'घेतले' ही खूण तपासणे आणि बदलणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा.