खाती मोजून काय कळणार?

कुणीतरी म्हटलंय की गरिबांना बँकेशी जोडायला देणगीदार संस्थांना जे अनुदान देतात, त्यातून किती खाती उघडली हे पाहिलं की परिणाम कळतो. नाही पटत. खातं उघडणं ही सुरुवात झाली. आमच्या मावशीचं पासबुक अजून डाळीच्या डब्यामागे कोरं पडलंय.

हैदराबादचं उदाहरण बघा. 2005 मध्ये 104 वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे ‘स्पंदना’ या छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेच्या शाखा आधी उघडायचं ठरलं. मग अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी या आणि उरलेल्या वस्त्यांतली, अशी दोन्हीकडची घरं ताडून पाहिली. शाखा आधी आल्या तिथे घरातल्या टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला, चहा-तंबाखूवरचा घटला, आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात जास्त पैसा घातला. पण घराचा एकूण खर्च, शिक्षण, आरोग्य, बायकांचा घरातला शब्द यात ठळक फरक दिसला नाही. नुसती कर्जदारांची संख्या आणि परतफेड पाहिली असती तर योजना झकास वाटली असती!

तुलनेला दुसरी बाजूच नसेल तर अहवालातली वाढ अनुदानामुळे की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून, हे कसं ठरवणार? आणि देणगीदारांनो, मोजणी पैसे संपल्यावर दोन वर्षांनीही करा. तेव्हा किती खात्यांत व्यवहार चालू आहेत ते विचारा.