अटेलिए रायझा: १२ तास झाले, अजून गवतच कापतोय

म्हापशेकर_भिजलेला

मंडळी जरा सांगा, हा गेम पुढे ठेवू की सोडू. आमच्या म्हापशात आठवडाभर पाऊस असा लागलाय की शुक्रवारचा बाजारसुद्धा अर्धा ताडपत्रीखाली होता. दुकान बंद करून घरी यावं तर लाईट गेलेली, म्हणून आतेभावाने (तो जहाजावर असतो, सध्या सुट्टीवर आलाय) दिलेल्या स्विचवर (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) अटेलिए रायझा चालू केला, पहिला, २०१९ चा. याआधी पर्सोना ५ आणि ड्रॅगन क्वेस्ट ११ दोन्ही शेवटपर्यंत खेळलोय त्यामुळे जपानी आरपीजी (पात्र घेऊन गोष्ट खेळायचे गेम) म्हटल्यावर डोक्यात तेच होतं.

सुरुवात बरी वाटली, तीन पोरं (नायिका रायझा आणि तिचे दोन मित्र) घरच्यांचा डोळा चुकवून होडी काढतात आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जातात, आम्ही शाळेत असताना उगाच फेरीबोटीने चोडणला जाऊन यायचो ते आठवलं. पण त्यानंतर काय, तर बेटावर फिरा, याला भेटा, त्याला भेटा, आई शेतातलं काम सांगून ओरडते, कुणाला गवत पाहिजे, कुणाला लाकूड. लढाईत मी एकच बटण दाबत बसतो, बाकीचे दोघे आपापलं मारतात आणि मी नीट बघायच्या आत संपतं. वेळही थांबत नाही, मेनू उघडून विचार करेपर्यंत समोरचा मारून मोकळा. आवाज फक्त जपानी, खाली इंग्रजी वाचायचं, ते चालेल, त्याचं काही नाही.

आणि ते क्राफ्टिंग, ज्याचं सगळे एवढं कौतुक करतात, ते म्हणजे हंड्यात वस्तू टाका आणि ओके दाबा. मी ऑटोवरच ठेवलंय, रेसिपी निवडली, ऑटो, ओके, झालं. यात गंमत कुठे आहे ते खरंच कळलं नाही मला. १२ तास झाले. पुढे काही होतं का?

तिरफळ_आणि_बांगडा

आधी एक सांग, गावात पिंपं ठेवलेली असतात त्यांच्यासमोर बटण दाबलंस का? नसेल तर तू गेम खेळलाच नाहीस, बाकी चर्चा नंतर.

साखळीचा_गडी

अरे बाबा, तू स्वतःच उत्तर लिहून ठेवलंयस. "मी ऑटोवरच ठेवलंय". हे म्हणजे माशाच्या हुमणाचा मसाला पाकिटातला वापरायचा आणि मग म्हणायचं गोव्याच्या जेवणात काय एवढं आहे.

एकदा ऑटो बंद करून ती स्क्रीन नीट बघ. रेसिपी म्हणजे एकमेकांना जोडलेले गोल असतात. प्रत्येक गोलाला आग, बर्फ, वीज, वारा यातलं काहीतरी पाहिजे असतं, त्या जातीचं मटेरियल पुरेसं पडलं की गोल भरतो, त्यातला गुण वस्तूला लागतो आणि शेजारचा गोल उघडतो. आता मेख इथे आहे की एकूण किती मटेरियल टाकता येणार ते तुझ्या अल्केमी (हंड्यात वस्तू बनवायची विद्या) लेव्हलवर ठरतं. सुरुवातीला पाच-सहा वस्तूंत भागवायचं. मग त्या पाच-सहा कुठे घालायच्या? क्वालिटीच्या गोलात घातल्या तर नुकसान वाढवणारा गोल राहतो. ज्यात आगीचा आकडा जास्त आहे असं एकच फूल मिळालं तर दोन वस्तू वाचतात आणि त्या दोन पलीकडच्या गोलात जातात. ऑटोला तुझ्या मनात काय आहे ते कसं कळणार, तो आपला पोतं भरल्यासारखं भरतो.

आणि काही गोल असे आहेत की तिथे ठराविक वस्तू टाकली तर ती रेसिपीच बदलते, म्हणजे तू करायला घेतलंस एक आणि हातात आलं त्याच्या वरचं दुसरं काहीतरी. हे पहिल्यांदा झालं तेव्हा रात्री दीड वाजता मी घरच्यांना उठवणार होतो.

दुसरं, तू "गवत कापतोय" म्हणालास ना, कशाने कापतोयस? काठीने मारलं तर एक मिळतं, त्याच झुडपावर विळा चालवला तर दुसरं, झाडावर कुऱ्हाड मारली तर तिसरंच. चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं) सामान आणायला माणसं रानात जातात ते बघितलंयस ना. आमच्या घरी काका जायचे, आम्ही पोरं मागे. आम्हाला सगळं हिरवंच दिसायचं आणि ते लांबून म्हणायचे, ते कवंडाळ, त्याच्या मागे कांगण्या, ती नको ती अजून कच्ची आहे. रायझात २० तासांनंतर तुझे डोळे तसे होतात. हे झाड विळ्याने, हा दगड हातोड्याने, त्या गुहेतलं ते निळं नक्की घ्यायचं. तोपर्यंत मात्र सगळं हिरवंच.

तिरफळ_आणि_बांगडा

गडी छान लिहिलंस पण थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलते. मी हा गेम २५ तासांवर सोडला, ऑटो न वापरता. मला क्राफ्टिंग आवडलं, पण बनवलेलं वापरायचं कुठे हा प्रश्न पडला. नॉर्मलवर शत्रू इतके मऊ आहेत की मी तासभर बसून केलेला बॉम्ब पहिल्याच पुनीवर टाकला आणि ती बिचारी जेली नाहीशी झाली, काठीनेही झालीच असती. एवढा मसाला वाटून वरणावर घातल्यासारखं. म्हापशेकर, खेळायचाच असेल तर हार्डवर टाक, तेव्हा बनवलेल्या वस्तूची किंमत कळते. आणि नाही आवडला तर सोड रे, कोण परीक्षा घेणार आहे. चार जण चांगलं म्हणतात म्हणून ४० तास घालवायचे असं काही नाही.

फोंड्याचे_काका

मी या मालिकेचा जुना माणूस, पीएस३ (प्लेस्टेशन ३) पासून. थोडं मागचं सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही.

ही मालिका गस्ट कंपनीची, पहिला गेम अटेलिए मारी १९९७ चा, प्लेस्टेशनवर. तिकडच्या बाकीच्या आरपीजीत जग वाचवायचं असायचं, यात एका कच्च्या विद्यार्थिनीला ५ वर्षांत अल्केमी शिकून दाखवायची. बरीच वर्षं हे गेम जपानबाहेर येतच नव्हते, इंग्रजीत पहिला आला तो अटेलिए आयरिस, २००५ मध्ये. माझी सुरुवात रोरोनापासून, तो २००९ चा. त्यात कॅलेंडर असायचं. तीन वर्षं, १२ कामं, दर तीन महिन्यांनी एक, आणि जमलं नाही तर वर्कशॉप बंद. रानात जायला दिवस लागायचे, वस्तू करायला दिवस लागायचे. त्यामुळे पहिल्याच तासापासून पोटात गोळा. हे फूल आणायला चार दिवस जाणार, मग औषध करायला दोन, राहिले किती? साधी पाण्याची बाटली करतानाही माणूस हिशेब करायचा.

रायझात ही मुदत नाही. उन्हाळाभर फिरा, कुणी विचारत नाही. नवीन लोकांना ते बरं वाटलं आणि मालिका एकदम वर गेली, २०२३ मध्ये तर त्यावर ॲनिमे मालिकाही आली. पण माझं मत विचाराल तर सुरुवातीचा जो पोकळपणा म्हापशेकरला जाणवतोय तो इथूनच येतो. घड्याळ काढलं पण त्याच्या जागी सुरुवातीला ओढून नेणारं दुसरं काही ठेवलं नाही, गोष्ट तर आरामात चालते. पुढे ड्रॅगन येतो तेव्हा जरा अंग झटकते.

म्हणून मी स्वतःच मुदत घालून खेळलो. पुढच्या गावी जायच्या आधी या हंड्यातून जेवढं चांगलं निघू शकतं तेवढं काढायचं. बायको म्हणते तुम्ही रिटायर होऊनही टार्गेट सोडत नाही.

साखळीचा_गडी

काका पटलं. पण लढाईबद्दल म्हापशेकरला कुणी सांगितलंच नाही. एकच बटण दाबू नकोस, एपी (वार केले की जमणारे पॉइंट) साठवून टॅक्टिक्स लेव्हल वाढव, तेच एपी स्किलवर उडवलेस तर लेव्हल तिथेच राहते. आणि बाजूचे दोघे मध्येच काहीतरी मागतात, एखादी वस्तू वापर, एखादं स्किल मार, ते केलंस की ते जोरात हाणतात. ते बोलणं जपानीत चाललेलं असतं म्हणून लक्ष जात नाही. स्क्रीनवर बघ, लिहून येतं.

म्हापशेकर_भिजलेला

सगळ्यांना देव बरें करूं. काल रविवार, दुकान बंद, बाहेर धो धो. हार्डवर टाकला आणि ऑटो बंद केलं. पहिला साधा बॉम्ब करायला घेतला तो चाळीस मिनिटं तेच. तीनदा बाहेर जाऊन आलो कारण एका गोलात आग दोनने कमी पडत होती आणि माझ्याकडे होतं ते सगळं क्वालिटीने चांगलं पण आगीत भिकारी. मग पिशवीत अगदी तळाला एक दगड सापडला, क्वालिटी रद्दी, पण आग बरोब्बर दोन. टाकला, गोल भरला, शेजारचा उघडला. मी सोफ्यावर सरळ बसलो. आई स्वयंपाकघरातून विचारते काय झालं, काय सांगणार तिला, दगड मिळाला म्हणून?

गोष्ट अजून रटाळच आहे हां, त्यात काही फरक नाही, ते मी मागे घेत नाही. आणि काका तुमच्या त्या कॅलेंडरवाल्यांपैकी एखादा स्विचवर मिळतो का बघतो, माझ्यासारख्याला धाक पाहिजे.

तिरफळताई, पिंपासमोर दाबलं. रायझा फक्त "पिंप!" म्हणते. यासाठी तुम्ही मला पाठवलंत?

एक शेवटचं, पुढच्या रेसिपीला निळं न्यूट्रलायझर मागतोय, ते दुकानात मिळत नाही का कुठे?

तिरफळ_आणि_बांगडा

करायचं.

म्हापशेकर_भिजलेला

लाईट गेली. स्विचवर ३१ टक्के आहे. करतो.